खेळांचें प्रकाशनगृह

ग्रंथ लिहिणारा निराळा आणि तो छापून वाचकांच्या हातीं देणारा निराळा, हें मराठी वाचकास नवें नाहीं. व्हिडिओ गेमच्या धंद्यांतही हीच वाटणी असते. खेळ रचणारे कारागीर वेगळे. हक्क घेऊन, भांडवल घालून तो बाजारांत मांडणारा तो प्रकाशक. विशाल गोंदल यांनीं मुंबईंत 1999 सालीं स्थापन केलेल्या 'इंडियागेम्स' या संस्थेनें दोन्ही कामें अंगावर घेतलीं. तिसरें मात्र, म्हणजे दुकान, बहुतांशीं दुसऱ्यांच्याच हातीं राहिलें.

तें वर्ष कारगिलच्या युद्धाचें. त्या युद्धावरील एका साध्या खेळानें गोंदल यांचें नांव झालें. परंतु संगणक फार थोड्या घरांत होते, आणि जेथें होते तेथें चोरट्या तबकड्या सहज मिळत. या कोंडींतून वाट दाखविली मोबाइल फोननें. परतूरसारख्या, मुंबईपासून दूरच्या तालुक्याच्या गांवींही मनोरा उभा राहिला कीं खेळ पोंचण्याची सोय झाली. टपाल नको, तबकडी नको, पैसे फोनच्या शिलकेंतून वळते होत. तो चिमुकला खेळ पुष्कळदां शंभर-दोनशें किलोबाइटांचाच असे. पण प्रत्येक फोनचा पडदा निराळा, कळा निराळ्या, म्हणून एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या कराव्या लागत. एवढ्या खटाटोपानंतर विक्रीचा मोठा वाटा जाई फोनसेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे. यादींत कोणता खेळ वर लावावयाचा, हेंही तीच ठरवी. ग्रंथविक्रेत्याच्या कमिशनबद्दल कुरकुरणाऱ्या प्रकाशकांनीं हा हिशोब एकदां पाहण्याजोगा आहे!

अशा स्थितींत बाहेरचें भांडवल ओघानेंच आलें. 2005 सालीं चीनच्या टॉम ऑनलाइन कंपनीनें बहुसंख्य भाग घेतले. पुढल्या वर्षीं सिस्को व अडोबी या अमेरिकन कंपन्या भागीदार झाल्या. 2007 सालीं सत्ता मुंबईच्याच यूटीव्हीकडे आली. कारभार गोंदल पाहत राहिले, ब्रूस लीच्या नांवाचे हक्क घेऊन संस्थेनें खेळही काढले. स्वातंत्र्य विकलें, असें म्हणणें सोपें आहे; पण असे हक्क घ्यावयास आणि त्या आवृत्त्या काढावयास पैसा लागतो, आणि तो दुकानदाराकडून सुटत नव्हता.

2008 सालीं ॲपल आणि गूगल यांनीं आपापलीं खेळांचीं दुकानें उघडलीं. फोनसेवेच्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली झाली. प्रकाशकास मात्र दुकानदार तेवढा नवा मिळाला, त्याचा वाटा शेंकडा 30. शिवाय फुकट खेळण्याची संवय रूढ होत गेली. 2012 सालीं यूटीव्ही डिस्नेनें घेतली आणि इंडियागेम्स त्या मोठ्या घराण्यांत विलीन झाली. 2013 सालीं गोंदल बाहेर पडले.

26 जानेवारी 2021 रोजीं, गोंदल यांचा पाठिंबा असलेल्या बंगळूरच्या एनकोअर संस्थेनें 'फौजी' हा खेळ काढला. विषय पुन्हां सरहद्दीचाच, या वेळीं गलवानचें खोरें. तो प्रथम मांडला गेला गूगलच्या दुकानांत.