न दिलेला राजीनामा

गेल्या वीकएंडला सोलापूरला घरी गेलो होतो. शनिवारी संध्याकाळी आईबरोबर नवी पेठेत पिशव्या उचलायची हमाली चालू होती. समोरून सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले दोन बोहरी गृहस्थ गेले आणि मला असगर अली इंजिनिअर आठवले. परतीच्या गाडीत डोक्यात तोच विषय होता, म्हणून हा लेख.

हा माणूस आपल्यापैकीच, म्हणजे इंजिनिअर. सिव्हिलवाला. मुंबई महापालिकेत साधारण वीस वर्षं नोकरी केली. जन्म 1939 चा, राजस्थानातल्या सलुंबरचा. वडील आमिल, म्हणजे दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांचे स्थानिक प्रतिनिधी. अरबी आणि कुराणाचे धडे वडिलांकडेच गिरवले. थोडक्यात, बंडखोरी करायला याहून अवघड घर मिळणार नाही!

बोहरा मुलं वयात येताना 'मिसाक' घेतात. ही सय्यदनांशी निष्ठेची शपथ. बहुसंख्य बोहरा ती मनापासून, श्रद्धेने पाळतात, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न येतो तो मतभेद झाल्यावर. लग्न, मशीद, दफनभूमी, सगळ्यांच्या किल्ल्या एकाच हाती. ज्याला 'बरात' मिळाली, म्हणजे बहिष्कृत केलं, त्याच्याशी नातेवाइकांनीही संबंध ठेवायचे नाहीत. आपण मेंबरशिप सोडतो तशी ही सोडता येत नाही. इथे मेंबरशिप म्हणजेच आई, भाऊ, गिऱ्हाईक आणि शेवटची साडेतीन हात जागा.

याविरुद्ध कायदा झालाच नाही असं नाही. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यालाच बंदी घातली. सोलापूर तेव्हा त्याच प्रांतात, म्हणजे नवी पेठेलाही तो कायदा लागू होता. तत्कालीन सय्यदना ताहेर सैफुद्दीन कोर्टात गेले. शिस्त राखण्यासाठी एखाद्याला बाहेर काढणं हा धर्माचा अंतर्गत मामला आहे, हा त्यांचा मुद्दा. 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने तो मान्य केला आणि कायदा रद्द ठरवला. तो 'एक' म्हणजे खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, असं त्यांचं म्हणणं. मला तरी हे एक मत चारांपेक्षा जड वाटतं.

पुढे 1970 च्या दशकात उदयपूरच्या बोहरांनी सुधारणेची मागणी केली आणि बहिष्कार ओढवून घेतला. असगर अली त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्या. नथवानी आयोगाने 1979 च्या अहवालात या छळाची नोंद केली. 2000 साली मुंबई विमानतळावर असगर अलींवर हल्ला झाला, घर आणि ऑफिस फोडलं गेलं. 2004 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 2013 मध्ये ते गेले.

आता गंमत बघा. या माणसाने राजीनामा कधी दिलाच नाही. 'मी बोहरा आहे, धर्म माझाही आहे, हिशोब मागतोय फक्त,' अशी एकूण भूमिका. सोडून जाणं सोपं नव्हतंच, पण बाहेर ढकलल्यावरही दारात उभं राहणं त्याहून कठीण.

आणि हे 'त्यांच्यातलं' प्रकरण म्हणून हात झटकू नका. आमच्या आत्याने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा भावकीने तीन वर्षं आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. आजोबांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, पण दर दिवाळीला उंबऱ्याकडे बघत बसायचे म्हणे.

जातपंचायतींच्या अशाच प्रकारांमुळे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. 2016 चा हा कायदा 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो सगळ्या धर्मांना, सगळ्या जातींना लागू आहे. आणि 1962 च्या निकालाचा प्रश्न? सुधारकांनी 1986 मध्ये त्याला आव्हान दिलं होतं. 10 फेब्रुवारी 2023 ला पाच न्यायमूर्तींनी तो नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. म्हणजे नुसता प्रश्न पुढच्या टेबलावर जायलाच सदतीस वर्षं!

कायदा शिक्षा देईल. पण उंबऱ्याकडे बघत बसलेल्या माणसाकडे कुणी जावं, हे कलमात लिहिता येत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.