झांशीची नाटकशाळा आणि समूहाची तालीम

झांशी शहर मागे टाकून बबीन्याच्या वाटेला लागले म्हणजे बुंदेलखंडाच्या खडकाळ मुलखात बिजौली हे गाव लागते. या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाला पेशव्यांची सुभेदारी, नेवाळकरांचे संस्थान आणि १८५७ ची धामधूम यांचे स्मरण होते. पण याच झांशीत एका मराठी संस्थानिकाने नाटकशाळा पोसली होती, ही गोष्ट मात्र राणी लक्ष्मीबाईच्या पराक्रमाच्या तेजापुढे झाकोळून गेली आहे.

हे संस्थानिक म्हणजे गंगाधरराव नेवाळकर. राणी लक्ष्मीबाईशी त्यांचा विवाह १८४२ साली झांशीच्या गणेशमंदिरात झाला आणि २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. मधल्या अकरा वर्षांत, कंपनी सरकारची नजर अष्टौप्रहर कारभारावर असताना, त्यांनी संगीत, ग्रंथसंग्रह आणि नाट्य यांना उदार आश्रय दिला, इतकेच नव्हे तर स्वतः स्त्रीवेष धारण करण्यातही संकोच मानला नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्यांच्या या स्त्रीवेषाची नोंद केली आहे, आणि त्याविषयी पृच्छा करणाऱ्या इंग्रज अंमलदाराला, तुम्हीच तर सगळ्या राजांच्या हातांत बांगड्या भरल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचेही नमूद केले आहे. झांशीच्या किल्ल्यात, राणीच्या बाजूने लढताना पडलेल्या गुलाम गौस खान व खुदाबक्ष यांच्यासमवेत जिची समाधी आहे, ती मोतीबाई याच नाटकशाळेतील नटी होती, असे परंपरा सांगते. १८५४ साली संस्थान खालसा झाले, नाटकशाळेचा आधार नाहीसा झाला, आणि १८५८ च्या एप्रिलात शहराची लूट झाली तेव्हा राजवाड्यातील ग्रंथालयही अग्नीच्या स्वाधीन झाले.

गंगाधररावांच्याच काळात, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. तिथे सूत्रधार पदे गाई, विदूषक विनोद करी आणि राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर धुमाकूळ घाली. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मकाळीच समूहाची हालचाल त्याच्या अंगभूत होती. पुढे किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाचे युग अवतरले. नाटक कंपनीच्या एकाच बिऱ्हाडात राहणाऱ्या नटांची तालीम रोज होऊ लागली खरी, परंतु रसिकांचे सारे चित्त एका गळ्यावर खिळले आणि त्या गायकाच्या भोवतीचा समुदाय बहुधा शोभेपुरता उभा राहिला.

या समुदायाला पुन्हा प्राण आला तो १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’च्या पहिल्या प्रयोगात. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्यरचनाकार कृष्णदेव मुळगुंद यांनी ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची एक सजीव भिंत उभी केली. ती झुलते, गाते, पाठ फिरवून नाटकातील नाना फडणवीसांचे कृत्य झाकते आणि तोंड वळवून तेच कृत्य जगासमोर मांडते. अशा भिंतीतील प्रत्येक नटाला दुहेरी साधना करावी लागते: शेजाऱ्याचा श्वास ओळखून त्याच मात्रेवर त्याच पायावर भार टाकायचा, आणि तरीही आपल्या वाट्याच्या ब्राह्मणाचा लोभ, भय किंवा लाचारी स्वतःच्या मुद्रेवर निराळी राखायची. एकाचा पाय चुकला की भिंतीची गर्दी होते. सगळ्यांचे चेहरे सारखे झाले की तीच भिंत निर्जीव होते.

या शिस्तीची खरी कसोटी पुढे सतीश आळेकरांच्या नाटकांत लागली. पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने २२ नोव्हेंबर १९७४ रोजी सादर केलेल्या ‘महानिर्वाणा’त भाऊराव हा मृत गृहस्थ उठून आपल्याच मरणाचे कीर्तन करतो. अशी विपरीत घटना प्रेक्षकाला ग्राह्य वाटावी, तर मृताच्या भूमिकेतील नटाने भुताचा आविर्भाव न करता कीर्तनकाराची उभे राहण्याची ढब, पाऊल मागेपुढे टाकण्याची लय आणि श्रोत्यांना सामावून घेणारी दृष्टी अंगी मुरवावी लागते, आणि भोवतीच्या चाळकऱ्यांनी अंत्यविधीची सारी लगबग अत्यंत गांभीर्याने पार पाडावी लागते. १९७९ च्या ‘बेगम बर्वे’त तर संगीत नाटकाच्या पडत्या काळातला, उदबत्त्या विकून गुजराण करणारा एक स्त्रीपार्टी नट दोन कारकुनांच्या स्वप्नरंजनात स्त्री होऊन वावरतो. चंद्रकांत काळे यांनी साकारलेल्या या बर्व्याची चाल निव्वळ स्त्रीची नव्हे. तो पुरुष आहे, पण नायिकेचा पदन्यास त्याच्या देहात सवय म्हणून शिल्लक राहिला आहे. प्रसंग वास्तवाची मर्यादा जितकी ओलांडतो, तितके नटाचे पाऊल, हात आणि नजर नेमकी असावी लागते. कारण तिथे प्रेक्षकाच्या हाती विश्वासासाठी दुसरा पुरावा नसतो.

अशी नेमकेपणाची तालीम दीर्घ काळ मागते, आणि तो काळ कोणीतरी पुरवावा लागतो. झांशीत तो संस्थानाच्या खजिन्याने पुरवला, कंपन्यांच्या काळात तिकिटाच्या उत्पन्नाने, आणि पुण्यात डॉक्टरी व प्रयोगशाळेतील नोकरी करणाऱ्या हौशी मंडळींनी स्वतःच्या विश्रांतीतून. आपल्या नाट्येतिहासात मात्र पहिल्या प्रयोगाची तारीख आणि प्रमुख नटांची नावे तेवढी दप्तरी दाखल होतात. कोणी कोणाला चालायला शिकवले, भिंत किती वेळा मोडून पुन्हा रचली, याची नोंद क्वचितच राहते. मोतीबाईचे नाव इतिहासाने राखले ते तिच्या वीरमरणामुळे, तिच्या अभ्यासामुळे नव्हे. १९७० च्या दशकातील तालमींबाबत हा अन्याय अजून टाळता येण्याजोगा आहे: त्या तालमींत घाम गाळलेल्या नटांच्या तोंडून त्यांची साधना आजच लिहून घेणे, हे नाट्यसंस्थांचे आणि अभ्यासकांचे पहिले कर्तव्य आहे.