दरफाळणीचा सण

कोंकणांतील बेने इस्रायल समाजाच्या जुन्या सणांचीं मराठी नांवें घरांतल्या बोलण्यांत राहिलीं. हिब्रू तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशीं येणाऱ्या योम किप्पुरास, म्हणजे पश्चात्तापाच्या उपवासास, हे लोक ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. दारें बंद करण्याचा सण, असा त्याचा अर्थ सांगतात. स्नान करून शुभ्र वस्त्रें नेसावीं, अन्नपाणी वर्ज्य करावें, दार लावून घरांत राहावें व परजातीच्या माणसास शिवूं नये, असा परिपाठ असे. दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’. तेव्हां दानधर्म व आप्तांच्या भेटी होत.

या उपवासाची शेवटची प्रार्थना ‘नेइला’. तिच्या नांवाचाही अर्थ दार मिटणें असाच असल्यानें मराठी नांव हें तिचें भाषांतर आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. प्रार्थनेंत मिटतें तें स्वर्गाचें दार. येथें मिटत असे तें अष्टागरांतल्या शनवार तेल्याच्या घराचें. मुंबईंत सामुएल एझेकिएल दिवेकर यांनीं इ. स. १७९६ मध्यें या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. त्यानंतर या दिवशीं घर सोडून मंदिरांत जाण्याची रीत पडली. मंदिरीं जाणारा मनुष्य सणास दार लावण्याचें नांव नव्यानें देणार नाहीं; अर्थात् नांव मंदिराहून जुनें.

तिथीचीही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तिश्रीचा दहावा दिवस आपल्या भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीच्या आसपास येतो. इ. स. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षीं तो नेमका दसऱ्यास आला. गांव सोनें लुटावयास सीमेवर निघालेला आणि एका आळींत दारें लावलेलीं, असा योग कोंकणानें पुष्कळदां पाहिला असला पाहिजे.

हाईम सामुएल केहिमकर यांनीं या समाजाचा इतिहास इ. स. १८९७ मध्यें लिहिला. हनुक्का सण समाजास पूर्वीं ठाऊक नव्हता, म्हणून पूर्वज त्या सणाच्या उत्पत्तीपूर्वींच निघाले, असें त्यांचें अनुमान. अभावावरून काळ ठरविणें आम्हांस धोक्याचें वाटतें. उरलेल्या शब्दाची साक्ष अधिक बळकट. केहिमकरांचें हस्तलिखित चाळीस वर्षें पडून राहिलें व इ. स. १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापलें गेलें. इ. स. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलांत गेला. संग्राहकांनीं मागें राहिलेल्या प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवरील मराठी टिपणें पाहावींत; सणांचीं हीं नांवें कोणाच्या हातचीं लिहिलेलीं तेथेंही मिळण्याचा संभव आहे.