गाव तिथंच, नागरिकत्व दुसरं

मागच्या बैठकीत गटातल्या एका मावशींनी विचारलं, "लेक जर्मनीत नर्स आहे. आता तिथलं नागरिकत्व घ्यायचं म्हणते. घेऊ दे, पण मग आमच्या सातबाऱ्यावर तिचं नाव राहील का? पोरं म्हणतात, ती आता परदेशी झाली, तिचा हिस्सा संपला." प्रश्न एका घरातला असला तरी त्याची गोष्ट मोठी आहे. आणि ती सुरू करायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही. आपल्या जळकोटच्या रस्त्यावरूनच ती सुरू होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात तिरंगा फडकला. आपल्याकडे नाही. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानची प्रजा होतो. सोलापूरच्या बाजारातून येताना सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा. तिकडं कलदार रुपया, इकडं हाली शिक्का. मग १३ सप्टेंबर १९४८ ची पहाट उजाडली. भारतीय फौज सोलापूरकडून आली, नळदुर्ग घेतलं, सकाळी नऊच्या सुमाराला जळकोट गाठलं आणि दुपारी उमरग्यात पोहोचली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. म्हणून त्या दिवशी आपण मुक्तिदिन पाळतो.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि आपल्या आज्या-पणज्या भारताच्या नागरिक झाल्या. घर तेच, चूल तीच, विहीर तीच. बाई उंबऱ्याबाहेर पडली नाही, तरी प्रजेची नागरिक झाली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तिला पुरुषाच्या बरोबरीनं मत मिळालं. म्हणजे नागरिकत्व हे काही रक्तात कोरलेलं नसतं. ते कायद्यानं मिळतं, कायद्यानं बदलतं. म्हणूनच ते नीट समजून घ्यावं लागतं.

आता जर्मनीचं बघू. इरावती कर्वे १९२८ साली शिकायला बर्लिनला गेल्या, तेव्हा त्या भारताच्या नागरिक नव्हत्या, ब्रिटिशांच्या प्रजाजन होत्या. त्या काळी जर्मनीत १९१३ चा कायदा चालू होता. त्यात बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागं जायचं. जर्मन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं, की तिचं स्वतःचं नागरिकत्व गेलं. मूलही बापाचं. लग्नाच्या जर्मन बाईच्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळण्याचा पूर्ण हक्क १९७५ पासून आला. आपल्याला वाटतं, तिकडच्या बायांना सगळं आधीपासून होतं. तसं नाही बरं का. त्यांनाही एकेक पायरी चढावी लागली.

दुसरी पायरी कामगारांनी चढली. १९६१ साली जर्मनीनं तुर्कस्तानाशी करार करून कामगार बोलावले. त्यांत बायाही होत्या. त्यांनी तिथं कारखाने चालवले, तिथं लेकरं वाढवली, तरी ती लेकरं कागदावर परदेशीच राहिली. २००० सालापासून काही अटींवर तिथं जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळू लागलं. आणि २७ जून २०२४ पासून कायदा बदलला. आधी आठ वर्षं राहावं लागायचं, आता पाच वर्षं पुरतात. जर्मन भाषा यावी लागते, स्वतःच्या कमाईवर जगता यावं लागतं, तेहतीस प्रश्नांची परीक्षा असते आणि त्यातले सतरा बरोबर यावे लागतात. मोठ्या माणसाला फी २५५ युरो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, जर्मनी आता म्हणत नाही की तुझं जुनं नागरिकत्व सोड.

इथंच पुष्कळांची फसगत होते. जर्मनी म्हणते दोन्ही ठेव, म्हणून लेकी समजतात की दोन्ही राहतील. पण आपला कायदा तसं म्हणत नाही. संविधानाचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो, की भारतीय माणसानं आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं त्याच दिवशी संपतं. अर्ज केला नाही, कुणाला सांगितलं नाही, तरी संपतं. त्यानंतर भारताचा पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. तो परत करून तसा दाखला घ्यावा लागतो. मतदार यादीतलं नावही काढावं लागतं.

मग येण्याजाण्याचं काय? त्यासाठी ओसीआय कार्ड आहे. पहिली कार्डं जानेवारी २००६ मध्ये हैदराबादेत दिली गेली, आपल्याच रस्त्याच्या त्या टोकाला. हे कार्ड असलं की जन्मभर व्हिसा काढावा लागत नाही, कितीही दिवस राहता येतं. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, साधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नाव नागरिकत्वासारखं वाटलं तरी ते नागरिकत्व नाही.

आता मावशींच्या सातबाऱ्याकडं येऊ. इथं तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली. लेकीचा वारसाहक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. आपल्या महाराष्ट्रानं १९९४ साली आणि पुढं २००५ साली साऱ्या देशानं हिंदू वारसा कायद्यात लेकीला लेकाच्या बरोबरीनं धरलं. ती जर्मन झाली तरी बापाची लेकच राहते. वारसानं आलेली शेतजमीन तिला घेता येते, ठेवता येते, इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकताही येते. "परदेशी झालीस, आता हक्कसोडपत्रावर सही कर," असं कुणी म्हटलं, तर कायदा तसं सांगत नाही. सही करायची की नाही, हे तिनं आपल्या मनानं ठरवायचं.

दुसरी. जिवंतपणी बक्षीसपत्र करून शेतजमीन तिच्या नावावर करायचा विचार असेल, तर थांबा. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. आणि ही अडचण जर्मन नागरिकत्व घेतल्यावर सुरू होत नाही, ती परदेशी राहायला गेल्यावरच सुरू होते, पासपोर्ट भारताचा असला तरी. गावातलं घर मात्र बक्षीस देता येतं.

तिसरी. वारस नोंद लागली की फेरफार बघा. तिचं नाव त्यात आहे का, हे वाचून घ्या. लेक सात समुद्रापलीकडं असली की नाव राहून जाणं सोपं असतं. राहिलेलं नाव मागून लावणं फार अवघड.

आणखी एक बाजू आहे, ती तराजूत घालायला हवी. नवऱ्याच्या नोकरीमुळं जी लेक जर्मनीत गेली, तिचा राहण्याचा परवाना सुरुवातीला त्या लग्नावर टांगलेला असतो. साधारण तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर तिचा स्वतंत्र हक्क उभा राहतो. नागरिकत्व मिळालं, की तिला घराबाहेर पडायची वेळ आली तरी देशाबाहेर पडावं लागत नाही. १९१३ च्या बाईकडं हे नव्हतं. म्हणून "देश सोडला" असं म्हणून लेकीला टोचू नका. तिनं काय मिळवलं आणि त्यापायी काय सोडलं, दोन्ही बघा. पुढं कायमचं परतायचं ठरवलं, तर ओसीआय कार्ड होऊन पाच वर्षं झाल्यावर आणि त्यात एक वर्ष इथं राहिल्यावर भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा मात्र जर्मनीचं सोडावं लागतं.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. आज एका मावशींची लेक गेली, उद्या दहा घरांतून जातील. जाताना लोणच्याची बरणी बांधून द्याल, तशीच एक फाईलही बांधून द्या. जन्मदाखला, शाळेचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा, बँक खात्याची माहिती. परदेशी राहायला गेलं की साधं बचत खातं बदलून घ्यावं लागतं, तेही तिला सांगा.

आपल्या पणजीला कुणी विचारलं नव्हतं, की निजामाची राहतेस की भारताची होतेस. आपल्या लेकीला मात्र विचारलं जातंय आणि उत्तर ती स्वतः देणार आहे. तिला नीट माहिती देणं, एवढं आपण करू. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपापला सातबारा घेऊन या. त्यावर कुणाकुणाचं नाव आहे, ते आपण मिळून वाचू.