एक्सेलचा हिशेब एआयकडून करून घेताना : पहाणीचे गुंठे, दुधाचं फॅट आणि कन्नड यादी

उचगाव : सोसायटीची वसुली, दूध संस्थेचा हिशेब, बचत गटाची वही, गणेश मंडळाची वर्गणी, हे सगळं आता गावोगावी एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये आलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, मागोमाग जेमिनी, कोपायलट, क्लॉड आले आणि मराठीत विचारलं तरी उत्तर मिळू लागलं. फाईल टाकली की बेरीज करून देतं, असं बरेचजण सांगतात. देतं, हे खरं. पण सीमाभागातल्या आपल्या आकड्यांच्या काही खोडी आहेत. त्या आधी सांगितल्या नाहीत तर आलेलं उत्तर दिसायला नीटनेटकं असतं आणि असतं चुकीचं.

पहाणीतला ठिपका हा दशांश नव्हे

सर्वात मोठा घोळ जमिनीच्या क्षेत्रात होतो. कर्नाटकातल्या पहाणीवर क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं आणि ४० गुंठ्यांचा १ एकर होतो. म्हणजे १.३० हा आकडा एक एकर तीस गुंठे असा वाचायचा. एक्सेल मात्र तो सरळ दशांश धरतं, आणि सांगितलं नाही तर एआयही तेच करतं.

समजा एकाच खातेदाराचे तीन तुकडे आहेत : १.३०, ०.२५ आणि २.१५. एक्सेलची बेरीज येते ३.७०. हे ३.७ एकर धरले तर ३ एकर २८ गुंठे झाले. खरा हिशेब असा : एकर ३, गुंठे ७०, म्हणजे ४ एकर ३० गुंठे. तब्बल १ एकर २ गुंठे कागदावरून गायब! पीककर्जाची मर्यादा किंवा वाटणीचा हिस्सा अशा बेरजेवर काढला तर घरात भांडण लागायला वेळ लागणार नाही.

दुसरी गंमत म्हणजे २.२० टाइप केलं की एक्सेल शेवटचं शून्य खातं आणि २.२ दाखवतं. मग वाचणारा दोन एकर दोन गुंठे समजतो. म्हणून एकर आणि गुंठे सुरुवातीपासूनच दोन वेगळ्या रकान्यांत भरावेत. सगळ्याचे गुंठे करायचे (एकर गुणिले ४०, अधिक गुंठे), बेरीज घ्यायची आणि ४० ने भागायचं. वरच्या उदाहरणात १९० गुंठे येतात, त्याचे ४ एकर आणि बाकी ३०.

वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडून शिनोळीत गेलं की सातबारा हेक्टर-आरमध्ये. तिथं १०० आरचा १ हेक्टर, त्यामुळे दशांश चालतो. दोन्हीकडे जमीन असलेल्यांनी ही दोन क्षेत्रं एका रकान्यात कधीच मिसळू नयेत. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १.०१ आर. १९० गुंठ्यांचे १ हेक्टर ९२ आर होतात. हे माप एआयला प्रश्नातच लिहून द्यावं.

उत्तर मागू नका, सूत्र मागा

हे साधन मुळात शब्दापुढे शब्द जुळवणारं आहे. शंभर ओळी चॅटमध्ये चिकटवून ‘बेरीज सांग’ म्हटलं तर कधीकधी तोंडी हिशेब केल्यासारखा आकडा येतो. काही साधनं आतल्या आत पायथनचा प्रोग्राम लिहून चालवतात, तेव्हा गणित पक्कं असतं. तरी तो प्रोग्राम काय गृहीत धरून लिहिलाय, ते विचारावंच लागतं.

त्यापेक्षा असं लिहा : ‘ए रकान्यात एकर, बी रकान्यात गुंठे आहेत. ४० गुंठ्यांचा १ एकर. दुसऱ्या ओळीपासून साठाव्या ओळीपर्यंत एकूण एकर आणि उरलेले गुंठे काढायचं सूत्र दे, आणि प्रत्येक भाग काय करतो ते मराठीत सांग.’ मिळालेलं सूत्र शीटमध्ये बसवलं की गणित एक्सेल करतं. आधी चार-पाच ओळींवर चालवून हाताने पडताळून बघायचं. शिवाय यात खरी नावं बाहेर पाठवावी लागत नाहीत, हा मोठाच फायदा.

दुधाच्या हिशेबातही प्रश्न नेमका विचारावा लागतो. सकाळी ६ लिटर ४.० फॅटचं आणि संध्याकाळी २ लिटर ५.० फॅटचं दूध घातलं. ‘सरासरी फॅट काढ’ म्हटलं तर ४.५ येऊ शकतं. लिटरप्रमाणे काढलं तर ते ४.२५ आहे. ‘लिटरच्या प्रमाणात सरासरी’ हे शब्द घालायलाच हवेत.

कन्नड यादी, मराठी नावं

इथं मात्र एआय खरोखर कामाला येतं. सरकारी यादी कन्नडमध्ये आणि संस्थेचं रजिस्टर मराठीत, ही आपली रोजची अडचण. कन्नड मथळ्यांचा अर्थ लावणं, नावं देवनागरीत उतरवणं हे ते झटपट करतं. पण ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, पाटीलचा पाटिल होतो, आणि मग व्हीलुकअपला एकही नाव सापडत नाही. एआय अंदाजाने जोड्या लावून देतं, फक्त एका गल्लीत एकाच नावाचे दोघे असले की एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाते. तेव्हा जोडणी सर्व्हे नंबर किंवा खाते क्रमांकावर करावी. नावावरच करायची वेळ आली तर ‘शंका’ नावाचा वेगळा रकाना मागावा आणि त्यातली नावं माहीतगार माणसाने तपासावीत.

खाते क्रमांकाचं आणखी एक. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्यं तर उडूनच जातात. असा रकाना भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. देवनागरीत टाइप केलेले अंक बहुतेकदा मजकूर धरले जातात आणि बेरजेत येतच नाहीत. ०३/०४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकन पद्धतीत ४ मार्च. एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागत असल्याने या एका अदलाबदलीने नोंद मागच्या वर्षात जाऊन बसते.

काम झाल्यावर ओळी मोजाव्यात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोरोनाचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये घेतले. त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जवळपास १६ हजार रुग्ण यादीबाहेर राहिले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत कळवलं गेलं नाही. आपल्या यादीत आधी ४१२ सभासद असतील तर नंतरही ४१२च हवेत, आणि एकूण रकमेची रोजकीर्दीशी पैशापर्यंत जुळणी हवी.

आधार, मोबाईल आणि थकबाकीचे रकाने असलेली फाईल जशीच्या तशी चढवू नये. सभासदाने ती माहिती कर्जासाठी दिलेली असते, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. फाईलची प्रत काढावी, नावांच्या जागी १, २, ३ असे क्रमांक घालावेत आणि नको ते रकाने नुसते लपवू नयेत, काढूनच टाकावेत. लपवलेला रकाना फाईलबरोबर जातोच.