फोल्डरच्या नावाची गोष्ट

१/ १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी 'आयमॅप' या ईमेल-प्रणालीची रचना केली. पत्रे सर्व्हरवरच राहावीत आणि कोणत्याही संगणकावरून वाचता यावीत, ही तिची मूळ कल्पना. पुढे प्रश्न उभा राहिला तो फोल्डरांच्या नावांचा.

२/ सर्वांसाठी राखून ठेवलेले नाव एकच : 'इनबॉक्स'. ते लहान लिपीत लिहा वा मोठ्या, अर्थ तोच. बाकी नावे सर्व्हरच्या मर्जीवर सोडली गेली.

३/ फोल्डरात फोल्डर दाखवायचा तर मध्ये विभाजक चिन्ह हवे. युनिक्सच्या फायलींची सवय असलेल्यांनी '/' निवडले, तर कित्येक सर्व्हरांनी टिंब. प्रमाणकाने कोणावरही सक्ती केली नाही. आपले चिन्ह कोणते, हे सर्व्हरने विचारल्यावर सांगावे, एवढेच ठरले.

४/ या मोकळीकीची किंमत स्थलांतराच्या वेळी कळते. '/' वापरणाऱ्या सर्व्हरवरील 'जि. प. कागदपत्रे' हा फोल्डर टिंबवाल्या सर्व्हरवर जसाच्या तसा नेला, तर एका फोल्डरच्या तीन पायऱ्या होतात. म्हणून स्थलांतर करणाऱ्या प्रोग्रामला आधी दोन्हीकडची चिन्हे विचारून नावे बदलावी लागतात.

५/ इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे काय? १९९६ च्या प्रमाणकाने 'यूटीएफ-७' या संकेतनाची सुधारित आवृत्ती स्वीकारली. मूळ संकेतनातील '+' हे चिन्ह बातमीगटांच्या नावांत येई, म्हणून त्याजागी '&' आले. '/' हे तर विभाजकच. त्याजागी स्वल्पविराम आला.

६/ परिणामी 'घर' ही दोन अक्षरे सर्व्हरवर आठ चिन्हांची होत : आरंभी '&', मग सहा रोमन अक्षरे, शेवटी '-'. ही उकल न जाणणारा प्रोग्राम वाचकाला तीच निरर्थक ओळ दाखवी.

७/ दुसरा घोळ भूमिकेचा. पाठवलेल्या पत्रांच्या फोल्डरला एक प्रोग्राम 'सेंट' म्हणे, दुसरा 'सेंट आयटम्स'. दोन्ही वापरणाऱ्याची पत्रे दोन ठिकाणी विखुरत आणि हरवल्यासारखी वाटत.

८/ २०११ च्या प्रमाणकाने नाव आणि भूमिका वेगळी केली. फोल्डरला 'पाठवलेली पत्रे' अशी खूण जोडता येऊ लागली. नाव मग कोणत्याही भाषेत असो.

९/ २०२१ च्या आवृत्तीत साध्या यूटीएफ-८ नावांना जागा मिळाली. जुने प्रोग्राम मात्र अजून वापरात आहेत; त्यामुळे सर्व्हरांना '&' ची भाषाही सांभाळावी लागते.