वस्तरा कुणाच्या हातात

पहिल्याच दिवशी हनुवटीखाली कापलं. जखम मोठी नव्हती, पण तुरटी फिरवूनही रक्त थांबायला दहा मिनिटं लागली आणि सकाळच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवला.

हा उघडा वस्तरा मी हौसेनं घेतला होता. सॉफ्टवेअरच्या कामात चूक झाली तर मागे जाता येतं. जिथे मागे जाता येत नाही असं काहीतरी हाताला शिकवावं, एवढाच विचार. व्हिडिओ बघून झाले होते. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, केस वाढतात त्याच दिशेने आधी फिरवायचं, दाबायचं नाही. सगळं पाठ होतं. तरी कापलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "आधी फुगा आण. फुगव, फेस लाव, आणि फुगा न फोडता सगळा फेस काढ. आम्ही असंच शिकलो." चार फुगे फुटले, पाचवा टिकला. मी वस्तरा ढकलत होतो. त्याला त्याच्या वजनानं सरकू द्यायचं असतं. चामड्याच्या पट्ट्याचंही त्यांनीच दाखवलं. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरून उलटायचा, धारेवरून नाही. चुकलात तर चामडं कापलं जातं आणि धारही जाते.

शिकता शिकता वाचायला लागलो. स्वतःची दाढी स्वतः करणं ही शिकवण्याजोगी कला आहे, असं सांगणारं एक फ्रेंच पुस्तक १७६९ साली निघालं. लेखक होता पॅरिसमधला सुऱ्या-कात्र्या बनवणारा कारागीर, जाँ-जाक पेरे. वस्तरा कसा निवडावा, धार कशी लावावी, हात कसा फिरवावा, सगळं त्याने लिहिलं. नवशिक्यांसाठी सुताराच्या रंध्यासारखी एक युक्तीही काढली. पात्याला लाकडी आवरण, धार जेमतेम बाहेर. खोल कापायची भीती कमी. पुढे अमेरिकेत किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी असे लाखो रेझर गेले, आणि सैनिक घरी परतले ते ही सवय घेऊनच.

तिकडची गोष्ट अशी सरळ आहे. आधी न्हाव्याचा हात, मग स्वतःचा हात, म्हणजे स्वातंत्र्य. मलाही ती आवडली होती. पण आपल्याकडचं वाचायला घेतलं आणि ती सरळ राहिली नाही.

गावगाड्यात न्हावी बलुतेदार. धोकटी घेऊन घरोघर जायचा, मोबदल्यात सुगीला धान्य मिळायचं. पण ही घरं सगळी नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या डोक्याला तो हात लावत नसे. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल लिहिलंय. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, पण कुणी तयार नव्हतं. म्हणून घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची. करून करून तिचा हात चांगला बसला होता.

म्हणजे पेरेने पुस्तक लिहून जे शिकवलं, ते त्या मुलीला कुणी न शिकवता यावं लागलं. मी फुगे फोडत होतो ते हौस म्हणून. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

आणि ज्याच्या हातात वस्तरा होता, तो तरी मोकळा होता का? ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं. एकदा करून भागत नसे. केस वाढले की न्हावी पुन्हा यायचा. घरच्यांनी बोलवायचं, त्याने करायचं, पैसे घ्यायचे. त्याला कुणी विचारायचं नाही, आणि तिला तर नाहीच नाही.

१८९० साली मुंबईत न्हाव्यांनी 'आम्ही हे करणार नाही' असं ठरवलं. त्यामागे 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्यांना त्या काळी खालचं समजलं जाई, त्यांनी वरच्यांच्या घरातल्या बायकांसाठी स्वतःच्या कमाईवर पाणी सोडायची तयारी दाखवली. संपाने प्रथा संपली नाही. पण वस्तरा धरणाऱ्या हाताला नकार देता येतो, हे तेव्हा चारचौघांत सांगितलं गेलं.

आमच्या घरी पणजीचा एकच फोटो आहे. डोक्यावरून आलवण घट्ट ओढलेलं. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे त्याचा लाल रंग दिसत नाही. बाविसाव्या वर्षी ती विधवा झाली, म्हणजे मुंबईच्या संपानंतर तीसेक वर्षांनी. तिच्या गावापर्यंत तो पोचला नव्हता. आजोबा बाबांना सांगायचे, न्हावी मागच्या दाराने यायचा आणि तो आला की मुलांना बाहेर खेळायला पाठवायचे. ती काय म्हणायची, हे कुणी सांगितलं नाही. बहुतेक कुणी विचारलंच नसावं.

मी काकांना हे सांगितलं. ते गिऱ्हाइकाच्या मानेवर ब्रश फिरवत होते. म्हणाले, "माझे आजोबाही गावात घरोघर जायचे. कुणाकुणाकडे, ते कधी बोलले नाहीत." मग त्यांनी वस्तऱ्यात नवं अर्धं पातं बसवलं आणि पुढच्याला बोलावलं.

आता रविवारी दाढीला पंचवीस मिनिटं लागतात. गळ्यापाशी अजून हात थरथरतो. मग मी वस्तरा बाजूला ठेवतो, श्वास घेतो, नको वाटलं तर तेवढा भाग तसाच सोडतो. थांबायचं कधी, हे माझं मी ठरवू शकतो.